सिंक्रोनस सिरियल इंटरफेस ‘डॉर्मंट’ अवस्थेतच राहतो; फ्रेमचे हेडर ड्रायव्हरने लावायचे की कर्नलने?

प्रश्न : तारवाहक

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात ई-१ (सुमारे २ मेगाबिट वेगाची डिजिटल) लाइनसाठी सिंक्रोनस सिरियल कार्ड बसवले असून त्याचा ड्रायव्हर मी लिहीत आहे. लाइनच्या पलीकडचा राउटर आमच्या ताब्यात नाही. इंटरफेसची नोंदणी कर्नलमधील जेनेरिक एचडीएलसी (सिंक्रोनस लाइनवर फ्रेम पाठवण्याची पद्धत) स्तराकडे केली आहे, ‘सेटएचडीएलसी’ ही आज्ञा वापरून सिस्को एचडीएलसी हा प्रोटोकॉल निवडला आहे आणि क्लॉक लाइनवरूनच घेतले आहे. कॅरियर (लाइन जोडलेली असल्याचा संकेत) व्यवस्थित मिळतो व आलेल्या पॅकेटांचा आकडा वाढतो. मात्र त्यासोबत त्रुटींचा आकडाही वाढत जातो आणि इंटरफेस ‘डॉर्मंट’ (लाइन जोडलेली, पण प्रोटोकॉल अजून उभा नाही अशा) अवस्थेतून बाहेर येत नाही. टीसीपीडम्प या पॅकेट दाखवणाऱ्या साधनात येणारी फ्रेम (सोळा-आधारी आकड्यांत) अशी सुरू होते :

एफएफ ०३ सी० २१ ०१ १७ ०० ०ए ०५ ०६

आमच्याकडून दर १० सेकंदांनी जाणारी फ्रेम अशी आहे :

८एफ ०० ८० ३५ ०० ०० ०० ०२

सुरुवातीचे चार बाइट लावणे आणि काढणे हे ड्रायव्हरचे काम आहे की कर्नलचे? बिट स्टफिंग कोणी करायचे? येणाऱ्या फ्रेमचे पहिले चार बाइट ड्रायव्हरमध्येच कापून उरलेला भाग वर दिला, तर चालेल का?

उत्तर १ : कर्नलवाचक

चार बाइट ड्रायव्हरमध्ये मुळीच कापू नका. तुमच्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्याच बाइटांत आहे आणि ते वाचण्याचे काम वरच्या स्तराचे आहे.

सिंक्रोनस लाइनवर फ्रेमच्या सीमा दाखवणारा ७ई हा फ्लॅग, सलग पाच एक आल्यावर मध्ये घातला जाणारा शून्य (म्हणजेच बिट स्टफिंग) आणि शेवटची १६ किंवा ३२ बिटांची एफसीएस (फ्रेम शाबूत आहे का हे तपासणारी बेरीज), या तिन्ही गोष्टी सहसा सिरियल कंट्रोलरच सांभाळतो. असिंक्रोनस पीपीपीमध्ये (दोन टोकांमधील लाइनसाठीचा दुसरा प्रोटोकॉल) ७डी हा एस्केप बाइट घालून जे काम सॉफ्टवेअरला करावे लागते, त्याची इथे गरज पडत नाही. काही कंट्रोलर एफसीएसचे बाइटही बफरमध्ये टाकतात. तसे होत असेल, तर फ्रेमच्या लांबीतून ते वजा करणे एवढे मात्र ड्रायव्हरने करायलाच हवे. त्यानंतर ‘एचडीएलसी_टाइप_ट्रान्स’ला विचारून पॅकेटचा प्रकार ठरवायचा आणि पॅकेट वर सोपवायचे, की ड्रायव्हरची जबाबदारी संपली.

आता तुमचे बाइट पाहू. सिस्को एचडीएलसीमध्ये पहिला बाइट पत्त्याचा असतो : नेहमीच्या फ्रेमसाठी ०एफ, सर्वांसाठीच्या फ्रेमसाठी ८एफ. दुसरा बाइट शून्य असतो आणि पुढचे दोन बाइट प्रोटोकॉल सांगतात. आयपीसाठी ०८००, कीपअलाइव्हसाठी (लाइन चालू असल्याची ठरावीक वेळाने दिलेली खूण) ८०३५. म्हणजे तुमच्याकडून जाते ती फ्रेम कीपअलाइव्हची असून ती अगदी बरोबर आहे. पलीकडून येणारी एफएफ ०३ ही जोडी मात्र पीपीपीची आहे. सी०२१ म्हणजे एलसीपी (लाइनच्या अटी ठरवणारा पीपीपीचा भाग), ०१ म्हणजे कॉन्फिगर-रिक्वेस्ट, १७ हा त्या विनंतीचा ओळख क्रमांक, ०००ए ही दहा बाइटांची लांबी आणि ०५ ०६ ही मॅजिक नंबर या पर्यायाची सुरुवात. पलीकडचा राउटर पीपीपीची बोलणी सुरू करू पाहतो आहे आणि तुमचा संगणक सिस्को एचडीएलसीच्या नियमांनी ती फ्रेम तपासतो आहे.

दोन्ही आकडे एकत्र का वाढतात, तेही यातून कळते. फ्रेम शाबूत आली, तिची एफसीएस जुळली, म्हणून ड्रायव्हर ती आलेल्या पॅकेटांत मोजतो. पत्ता ०एफ किंवा ८एफ असून प्रोटोकॉल आयपी असता, तर चार बाइट तिथल्या तिथे निघाले असते आणि पॅकेट थेट आयपी स्तराकडे गेले असते. पत्ताच अनोळखी असल्यामुळे ती फ्रेम ‘सिस्को_आरएक्स’कडे जाते आणि तिथे त्रुटी म्हणून टाकून दिली जाते. कॅरियर असणे आणि प्रोटोकॉल उभा राहणे या दोन अटी कर्नल वेगवेगळ्या धरतो : तुमच्या कीपअलाइव्हमधील अनुक्रमांकाची पोच पलीकडून येत नाही, तोवर इंटरफेस डॉर्मंटच राहतो. पोच एकदा मिळून नंतर थांबली, तर मूळच्या मांडणीनुसार २५ सेकंदांनी तो पुन्हा डॉर्मंट होतो.

इंटरफेस आधी खाली घ्या, कारण तो चालू असताना प्रोटोकॉल बदलू दिला जात नाही. मग ‘सेटएचडीएलसी’ने पीपीपी निवडा आणि इंटरफेस पुन्हा वर आणा.

उत्तर २ : रेषासेवक

वरील निदान बरोबर आहे. एक खबरदारी सुचवतो. जेनेरिक एचडीएलसीमधील पीपीपी एलसीपी, आयपीसीपी आणि आयपीव्ही६सीपी (आयपीच्या दोन आवृत्त्यांसाठीची बोलणी) एवढेच हाताळते. पॅप किंवा चॅप पद्धतीची ओळख-पडताळणी त्यात नाही. पलीकडून पडताळणीचा आग्रह असेल, तर तो पर्याय आपल्या बाजूने नाकारला जाईल आणि बोलणी पुढे सरकणार नाहीत. लाइन ज्यांच्याकडून घेतली आहे, त्यांना हे आधीच विचारून घ्यावे.

तारवाहक

दोघांचेही मनापासून आभार. पीपीपी निवडताच बोलणी पूर्ण झाली आणि इंटरफेस वर आला. पडताळणीची अट पलीकडे नव्हती. एक शंका उरते. पॅकेट पाठवताना हेडरसाठीची जागा ड्रायव्हरने राखायची का? आणि पत्त्याचा बाइट इतका स्पष्ट असताना कर्नल प्रोटोकॉल आपोआप का ओळखत नाही?

उत्तर ३ : कर्नलवाचक

जागा राखण्याचे काम प्रोटोकॉलचे. तो इंटरफेसशी जोडला जाताना हेडरची लांबी नोंदवतो, वरचे स्तर तेवढी जागा मोकळी ठेवून पॅकेट बांधतात आणि हेडर त्याच जागेत मागे सरकून लिहिले जाते. ड्रायव्हरच्या ‘एक्समिट’ या पाठवणाऱ्या फंक्शनपर्यंत पॅकेट पोहोचते तेव्हा ते पूर्ण तयार असते. इथरनेटचे १४ बाइटांचे हेडर आयपी हेडरला चाराच्या पटीच्या सीमेवरून हलवते आणि त्यासाठी बफरच्या सुरुवातीला दोन बाइट सोडण्याची पद्धत आहे. सिस्को एचडीएलसी आणि पीपीपी दोन्हींचे हेडर नेमके चार बाइटांचे असल्यामुळे तो प्रश्न येत नाही. फ्रेम रिले या आणखी एका प्रोटोकॉलमध्येही आयपीसाठी दोन बाइट पत्त्याचे, एक ०३ आणि एक सीसी मिळून चारच होतात. ज्या प्रोसेसरांना असमान सीमेवरचे वाचन महाग पडते, त्यांच्यासाठी हा जुळलेला आकडा फार मोलाचा आहे.

आपोआप ओळखण्याबद्दल : येणाऱ्या फ्रेमवरून अंदाज बांधता येईल, पण पहिली फ्रेम कोणीतरी पाठवावी लागते आणि ती कोणत्या हेडरने पाठवायची हे आधी ठरलेले असावे लागते. दोन्ही टोके ओळख पटेपर्यंत गप्प राहिली, तर लाइन कधीच उभी राहणार नाही. शिवाय ‘रॉ’ प्रकारात हेडरच नसते. तिथे पहिला बाइट थेट आयपी पॅकेटचा, बहुधा ४५, असतो. ही निवड प्रशासकाने दोन्ही टोकांशी बोलून करावी, हीच रचना मला योग्य वाटते.

ड्रायव्हर तपासताना सिस्को एचडीएलसी, पीपीपी आणि रॉ हे तिन्ही प्रकार आळीपाळीने चालवून पाहा. तिन्हींमध्ये ड्रायव्हरची एकही ओळ बदलावी लागली नाही, तर कामांची वाटणी बरोबर झाली आहे.