मदत हवी आहे: चामड्यात खूण कुठली चालवायची आणि दोष कुठला धरायचा?

नमस्कार मंडळी,

माझं आजवरचं सगळं काम कापडात झालं. ठाण मशीनवर फिरवायचं, फोर पॉइंटने (दोषाच्या लांबीवरून दंडाचे १ ते ४ गुण) गुण द्यायचे, शेवटी तयार कपड्यांची फायनल तपासणी. आता चामड्याच्या बॅगा आणि फरची किनार असलेली जॅकेटंही माझ्याकडे आलीत आणि प्रॉडक्शनवाल्यांशी रोज खटके उडतायत.

कापडात वादाला फारशी जागाच नसते. दोष ३ इंचांपर्यंत असेल तर १ गुण, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्यापुढे ४. भोक १ इंचापर्यंत २, मोठं असेल तर ४. १०० चौरस वारांमागे ४० च्या वर गेलं की बरेच खरेदीदार रोल परत करतात. समोरचा कितीही चिडला तरी पट्टी लावून दाखवता येतं.

चामड्याला कुठली पट्टी लावू? पुढच्या पॅनेलवर गोचिडीच्या चाव्यांचे बारीक खड्डे होते म्हणून मी बॅग बाजूला काढली. सुपरवायझर म्हणाले, "अहो, जनावराचं कातडं आहे, खुणा असणारच!" त्यांचंही अगदीच चूक नाही, म्हणून तर अडकलोय. गळ्याच्या वळ्या, शिरांच्या रेषा, काटेरी तारेचे बरे होऊन भरलेले ओरखडे... कुठवर चालवायचं? नमुना एक्यूएलनेच काढतो (किती नग तपासायचे आणि किती दोष चालवायचे, हे सांगणारा तक्ता). १२०० नगांना तपासणीच्या लेव्हल दोनने ८० नग, मेजरला, म्हणजे मोठ्या दोषाला, २.५ ची मर्यादा, म्हणजे ५ पर्यंत पास, ६ ला फेल. पण मेजर कशाला म्हणायचं हेच ठरत नसेल तर तो तक्ता घेऊन काय करू?

शिवाय एकाच बॅगेची दोन पॅनेलं दुपारी जुळलेली दिसतात आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली वेगळी. फरबद्दल तर पाटी कोरीच आहे.

जुना_चेकर:
खूण कशाची आहे यावर भांडलात तर हरणारच. खूण कुठे आहे त्यावर बोला. बॅगेचे तीन झोन करा. पुढची बाजू आणि फ्लॅप ए, मागची बाजू आणि कडा बी, तळ आणि आतला भाग सी. भरलेला ओरखडा सीमध्ये चालतो, बीमध्ये एखादा छोटा, एमध्ये अजिबात नाही. ए झोनमधली खूण म्हणजे मेजर, हे खरेदीदाराकडून लेखी घ्या. नख अडकेल अशी उघडी जखम मात्र कुठेच चालवू नका, तिथूनच फाटतं. आणि हँडलला पोटाकडचं कातडं लावलं असेल तर एकही खूण नसली तरी थांबवा, ते लोंबणार.

दाणा, म्हणजे चामड्याची केसांकडची वरची बाजू, वर ठेवून न बघता आत जाईल असं दुमडून बघा. बारीक सुरकुत्या पडल्या तर ठीक. जाड, फुगीर वळ्या आल्या आणि सरळ केल्यावरही राहिल्या, तर दाण्याचा थर खालच्या थरापासून सुटलाय. हा दोष नुसत्या नजरेला फसवतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तपासणी कटिंगच्या आधी करा. कातडं टेबलावर पसरून खुणांभोवती सिल्व्हर पेनने गोल काढा, कटिंगवाला डाय (कापायचा साचा) फिरवून त्या टाळतो. शिवून झालेली बॅग नापास केली तर कोण हसत घेईल?

शेडवाली:
रंगाचं भांडण खिडकीशी उभं राहून मिटत नाही. लाइट बॉक्स (ठरावीक दिव्यांखाली रंग बघायची पेटी) मागा. डी६५ म्हणजे दिवसाचा उजेड, टीएल८४ म्हणजे दुकानातला. एका उजेडात जुळून दुसऱ्यात वेगळं दिसत असेल तर फिनिशचे रंग वेगळे आहेत, डोळ्यांचा दोष नाही. एका बॅगेची पॅनेलं शक्यतो एकाच कातड्यातून कापायला लावा आणि बंडलवर नंबर टाका. तसंच पांढरं कापड कोरडं आणि ओलं, दोन्ही घासून बघा. कापडाला लागलेला रंग ग्रे स्केलवर (करड्या छटांच्या पट्टीवर) मोजतात, ५ उत्तम, १ वाईट. ओल्यात गुण बहुतेकदा घसरतो.

किनारपट्टी:
फरवर केसांच्या उलट दिशेने हात फिरवा, मग चिमटीत धरून हलकेच ओढा. पुंजकाच हातात आला तर मुळं सैल आहेत. फुंकर मारून तळ बघा. चामडं दिसलं तर खरी, विणलेली जाळी दिसली तर नकली. लेबलावर तेच लिहिलंय ना, एवढं तपासाच. आणि फर पाठीमागून ब्लेडनेच कापलेली हवी, कात्रीने केसांची टोकं छाटली जातात आणि कडेला बोडकी रेघ उमटते.

मूळ प्रश्नकर्ता:
झोनचा कागद आजच बनवतो. एक शंका आहे. खरेदीदाराने सही केलेला नमुना ठेवला, तर त्याचाच रंग उडणार नाही का?

जुना_चेकर:
उडतोच. म्हणून दोन ठेवायचे. एक रोजच्या वापराला, दुसरा तारीख घालून उजेड लागणार नाही अशा कपाटात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, दमट हवेत बुरशी धरते. सुती पिशवीत ठेवा. रोजचा नमुना कपाटातल्यापेक्षा फिका दिसला की नवीन मागवायचा.