कमाई डॉलरमध्ये, पण मुक्काम कुठे?

शनिवारपेठी : नोकरी सोडून तीन वर्षं झाली. माझं सॉफ्टवेअर एकच काम करतं. ऑनलाइन दुकानाला ऑर्डर आल्या की गोदामातल्या कपाटांच्या क्रमाने चिठ्ठ्या छापतं, म्हणजे पोऱ्याची पायपीट वाचते. ६१ गिऱ्हाइकं, प्रत्येकी महिना १९ डॉलर. गुंतवणूकदार नाही, कर्ज नाही. पोर्तुगालच्या डी८ व्हिसाला, म्हणजे तिथे राहून बाहेरच्या देशातलं काम ऑनलाइन करणाऱ्यांच्या व्हिसाला, तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई दाखवावी लागते. २०२५च्या ८७० युरोंनी महिना ३४८० युरो. म्हणजे साधारण २२० गिऱ्हाइकं झाली की निघालो.

पोर्तोकर : सावकाश! २२० गुणिले १९ ही विक्री झाली, मिळकत नव्हे. प्लॅटफॉर्मचं कमिशन, सर्व्हर, कर कुठे धरलेत? नव्याने राहायला येणाऱ्यांना मिळणाऱ्या ज्या एनएचआर करसवलतीपायी लोक इकडे पोर्तुगालला धावले, तिची दारं २०२४पासून नव्यांसाठी जवळपास बंद आहेत. आणि हिवाळा! घरात हीटर नाही, भिंतीला बुरशी. सध्या गोधडी पांघरून कोड लिहितोय.

कऱ्हाडचा बाप्या : जायचंच कशाला? डॉलर घ्या, भाजी रुपयात आणा. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीच्या श्रीधर वेंबूंनी बाहेरचं भांडवल न घेता कंपनी उभारली आणि कॅलिफोर्निया सोडून तमिळनाडूतल्या तेनकाशीजवळच्या खेड्यात राहायला आले.

शनिवारपेठी : वेंबूंच्या हाताखाली हजारो माणसं आहेत हो. माझ्याकडे मीच. रात्री दोनला अमेरिकेतला प्रिंटर अडला की उठणारा मी. युरोपात असलो तर तेव्हा संध्याकाळ तरी असेल.

पोर्तोकर : हिवाळ्यात रात्री साडेआठ, उन्हाळ्यात साडेनऊ. त्याला संध्याकाळ म्हणायचं तर म्हणा.

हिशेबी काकू : मुक्कामाचं नंतर बघा, गळती किती ते सांगा. महिन्याला शंभरातले पाच सोडून गेले तर २२० टिकवायलाच दर महिन्याला ११ नवे हवेत. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी साठवणीतले चार टक्के काढा, पुढे महागाईइतके वाढवा, तो चार टक्क्यांचा नियमही सांगू नका. अमेरिकी आर्थिक सल्लागार बेंगेन यांनी १९९४मध्ये तो अमेरिकी बाजाराच्या आकड्यांवरून, ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी मांडला. तुम्ही अजून चाळिशीही गाठलेली नाही.

शनिवारपेठी : काकू, महिन्याला दोन जातात. बहुतेक दुकानच बंद पडतं म्हणून. कमिशनचं मात्र मान्य, ते धरलं नव्हतं. सोमवारपासून नव्यांना २९ डॉलर. जुन्यांना हात लावणार नाही, पहिल्या दिवसापासून सोबत आहेत.

हिशेबी काकू : त्यांनाही वाढवा. दूधवाला आम्हाला विचारून भाव वाढवतो का?