मदत हवी आहे: लॅबचा नवा फ्रिज डिस्प्लेवर ४ दाखवतो, पण मागच्या बाटल्या गोठल्या

काचपट्टी:
पॅथॉलॉजी लॅबसाठी ३०० लिटरचा, २ ते ८ अंशांचा फ्रिज घेतला. टेम्पोत आडवा आला, उतरवल्यावर तासाभरात चालू केला. सेटिंग ४, डिस्प्लेवरही ४. तिसऱ्या दिवशी मागच्या भिंतीला टेकलेल्या विडाल (टायफॉइडची चाचणी) आणि सीआरपी लॅटेक्सच्या (शरीरातली सूज तपासणारं, बारीक कणांचं द्रावण) बाटल्यांत बर्फ, दारातला थर्मामीटर मात्र ९. लाइट दिवसातून दोनतीनदा जाते. फ्रिजच खराब आहे का?

बर्फाचा_चुरा:
आधी त्या बाटल्या बाद करा. गोठलेलं लॅटेक्स वितळल्यावर नीट दिसलं तरी कण आपसात चिकटलेले असतात, मग निगेटिव्ह नमुन्यातही गुठळ्या दिसतात.

आडव्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत उतरतं, म्हणून २४ तास उभा ठेवून मग चालू करायचा. तुमचा थंड करतोय आणि खडखड नाही, म्हणजे बहुधा निभावलं.

डिस्प्ले फक्त सेन्सरजवळच्या हवेचं तापमान सांगतो, बाटलीतलं नाही. पंख्याच्या तोंडाशी हवा शून्याखालीही जाते. म्हणून:

फ्रिज रिकामा करा, सेटिंग ५ वर आणा. छोट्या बाटलीत निम्मं ग्लिसरीन, निम्मं पाणी भरून झाकणातून थर्मामीटरचा प्रोब (तारेच्या टोकाचा सेन्सर) आत सोडा. दार उघडलं की हवा लगेच तापते, ही बाटली मात्र चाचणीच्या किटमधल्या बाटल्यांसारखी सावकाश तापते. अशा तीन बाटल्या: एक पंख्यापुढे, एक मधल्या फळीवर, एक खाली दाराशी. २४ तास नोंद घ्या. तिन्ही २ ते ८ मध्ये राहिल्या तरच निम्मा माल भरा आणि पुन्हा एक दिवस बघा. भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. दारात रिएजंट (चाचणीची रसायनं) नकोच, तिथे फार तर डिस्टिल्ड वॉटर.

त्याआधी थर्मामीटरच खरा आहे का ते बघा. डिस्टिल्ड वॉटरच्या बर्फाचा चुरा, वर तेवढंच पाणी की चुरा जेमतेम भिजेल, ढवळून पाच मिनिटं. शून्य दाखवायला हवं. जो फरक येईल तो चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर चिकटवा.

अर्थिंगवाला:
वेगळं १६ अँपिअरचं सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा, ३ व्होल्टच्या वर असेल तर आधी वायरमन बोलवा. स्टॅबिलायझर टाइम डिलेवाला, किमान ३ मिनिटांचा. लाइट गेली-आली की गॅसचा दाब समान होण्याआधी कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतो, अडकतो आणि ओव्हरलोड ट्रिप होतो. लाइट गेल्यावर दार उघडून 'किती झालं' बघू नका, प्रोबचा डिस्प्ले बाहेर हवा. अलार्मची बॅटरी महिन्यातून एकदा प्लग काढून तपासा.

काचपट्टी:
आभार. ॲसिटोन आणि ईथरच्या बाटल्या ह्यातच ठेवल्या तर?

बर्फाचा_चुरा:
नाही! ईथरचा फ्लॅश पॉइंट उणे ४५, ॲसिटोनचा साधारण उणे २०. म्हणजे ४ अंशांवरही पेटण्याइतकी वाफ होते. बंद पेटीत ती साठते आणि आतल्या दिव्याच्या स्विचची किंवा थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरते. त्यासाठी आतून स्पार्क-फ्री असलेला वेगळा फ्रिज लागतो. बर्फ साचला तर सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडू शकतं. लेबलवर आर-६००ए असेल तर नळीतला गॅसही ज्वलनशील असतो.

अर्थिंगवाला:
आणि दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. सहज ओढली गेली तर तिथून हवा शिरतेय. चारही बाजू बघा, बिजागरीकडची विसरू नका.