मदत हवी आहे: प्लॅन ३०० चा, स्पीड ९४ च्या पुढे सरकत नाही (अमळनेर)

शटरवाला
लग्नाचं शूटिंग करतो. एडिटिंग पुण्याला मित्राकडे होतं, त्याला कच्चं फुटेज रात्रीतून पाठवावं लागतं. एका लग्नाचं साधारण २०० जीबी. मागच्या महिन्यात फायबर घेतलं, अपलोड-डाउनलोड दोन्ही ३०० एमबीपीएस. रोज तपासतो, ९४. रात्री दोनला तपासलं तरी ९४. तक्रार केली की 'आमच्याकडून लाइन ओके' म्हणतात आणि तक्रार बंद करून टाकतात. काल फाइल ऐंशी टक्क्यांवर असताना लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून. परवा चोपड्याचं लग्न आहे. कंपनी बदलू का? लवकर सांगा.

तापीकाठ
वायफायवर तपासता की वायर लावून? राउटर कुठे, कॉम्प्युटर कुठे? एवढं तरी सांगा भो.

केळीबाग
वायफायच असणार, २.४ गिगाहर्ट्झच्या संथ पट्ट्यावर अडकलं असेल. मी मेश (घरभर ठेवायचे एकमेकांना जोडलेले वायफायचे डबे) बसवलं, दोन मजले आणि गच्ची, सगळीकडे रेंज. डोळे झाकून मेश घ्या.

गिरणाथडी
फायबरच्या नादी लागूच नका. ५जी घ्या. आमच्या मळ्याजवळ टॉवर आहे, डाउनलोड ४०० च्या वर जातं.

तापीकाठ
गिरणाथडी, त्यांना पाठवायचंय, उतरवायचं नाही. मोबाइलवर अपलोड डाउनलोडच्या मानाने फार कमी मिळतं. तुमचं अपलोड किती येतं ते टाका.

शटरवाला
वायफाय नाही! वायरच आहे. राउटर खाली ओसरीत, स्टुडिओ वर माडीवर. लाल दिवा लागत नाही. मेश नको, उत्तर हवंय.

काचेचा_धागा
भुसावळकडे फायबर जोडायचं काम करतो, म्हणून सांगतो. घरोघरी येणाऱ्या जीपॉन लाइनवर (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) येताना सेकंदाला २.४८८ गिगाबिट असतात, जाताना १.२४४, आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. गर्दीमुळे स्पीड पडत असता तर रात्री दोनला वाढला असता. तुमचा आकडा जागचा हलत नाही. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून पॅकेटचा वरखर्च (डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर लागणारी पत्त्यासारखी जादा माहिती) वजा जाता हातात साधारण ९४ च पडतात. म्हणजे फायबर नीट आहे, घरातच कुठेतरी जोडणी १०० वर झालीय.

तीन जागा बघा. राउटरचं पोर्ट (काही स्वस्त राउटरना एकच पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचं, असतं), कॉम्प्युटरचं पोर्ट, आणि मधली वायर. वायरीत आठ तारा, चार जोड्या. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. बाकीच्या दोन जोड्या नसल्या तरी नेट बंद पडत नाही, मुकाट १०० वर चालतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. प्लगच्या पारदर्शक तोंडातून बघा, किती रंग दिसतात?

केळीबाग
वायरी ओढायचे दिवस गेले आता. वायफाय ६ घ्या, विषय संपला.

काचेचा_धागा
रोजचे २०० जीबी वर चढवणाऱ्याला वायरच हवी. मध्ये स्लॅब आला की वायफायचा जोर पडतो.

आवडाबाई
मधेच विचारते. फायबर काचेचं असतं ना? आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, तार वितळत नाही?

काचेचा_धागा
नाही ताई. सिलिकाची काच, तिला आपल्या उन्हाचं काही वाटत नाही. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवलं की प्रकाश विरतो तो काचेतल्या अशुद्धतेमुळे. काच शुद्ध केली तर तो कितीतरी किलोमीटर जाईल. त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. आजही मला ते वाचून भरून येतं. तापतो तो राउटर, त्याला तेवढा पत्र्याखाली ठेवू नका.

शटरवाला
बघितलं. नारिंगी, पांढरा-नारिंगी, हिरवा, पांढरा-हिरवा. चारच! निळी आणि तपकिरी जोडी प्लगच्या मागे कापून, चिकटपट्टी गुंडाळून गच्चीवरच्या कॅमेऱ्याला वीज द्यायला वळवलीय. दोन वर्षांपूर्वी कॅमेरा बसवला तेव्हाचं काम. हे इथे लिहावं असं डोक्यातच आलं नाही.

तापीकाठ
मग कॅमेऱ्याला वेगळी वायर ओढा आणि दोन्ही टोकांना नवे प्लग, आठही तारा.

शटरवाला
आज दुपारी केलं. कॉम्प्युटर आता जोडणी १००० दाखवतोय, अपलोड २९१. पावणेपाच तासांचं काम दीड तासात झालं, मित्राचा पुण्याहून फोन आला, फाइल पोचली म्हणून. काचेचा_धागा दादा, मनापासून आभार.

गिरणाथडी
माझं अपलोड तपासलं. २२.

तापीकाठ
शटरवाला, लाइटचं राहिलंच. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा आणि तुटलं तिथून पुढे चालू होईल असं अपलोडचं सॉफ्टवेअर वापरा. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे का?

शटरवाला
नाही. उद्याच जोडतो.