मदत हवी आहे: मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या डम्पिंग ग्राउंडची वर्षवार नोंद कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी,

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण, वसई हा सगळा पट्टा धरून इथली चालू आणि बंद डम्पिंग ग्राउंडं एका नकाशावर आणायला घेतलीयेत. नुसतं आज कुठे काय आहे एवढंच नकोय, ती कधी सुरू झाली, कुठपर्यंत पसरली, कधी बंद झाली आणि मग त्या जागेचं काय झालं हे सगळं यायला हवंय. क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी येतं, पण नोंद कशी ठेवायची यावर गाडी अडलीये.

उदाहरणं देते म्हणजे कळेल. देवनार १९२७ पासूनचं, म्हणजे उपग्रह वगैरे यायच्या कितीतरी आधीचं. गोराई २००७ ला बंद करून वरून झाकून टाकलं. मुलुंड २०१८ ला बंद झालं पण तिथे नंतर बायोमायनिंग (जुना कचरा उपसून वेगळा करणं) सुरू झालं, मग त्याला नुसतं "बंद" लिहून कसं चालेल? चिंचोली बंदरच्या जुन्या कचऱ्यावर आज ऑफिसं उभी आहेत, आणि धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात शाळेच्या सहली जातात, ते पण एकेकाळी डम्पिंगच होतं. मला सगळ्यात जास्त काळजी या शेवटच्या दोन प्रकारांची आहे, कारण कचरा दिसेनासा झाला की नकाशावरून पण जातो, आणि तिथे घर किंवा ऑफिस घेणाऱ्याला पायाखाली काय आहे हे कळायचा हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

आता अडचणी. लँडसॅट उपग्रहाचे ३० मीटरचे (एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे ३० बाय ३० मीटर) फोटो १९८४ पासून मिळतात, पण मुलुंड साधारण २४ हेक्टरचं, म्हणजे जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे पिक्सेल, त्यात कडेचे अर्धेमुर्धे. सेंटिनेल-२ उपग्रहाचे १० मीटरचे चांगले आहेत पण ते २०१५ नंतरचे. पावसाळ्यात ढगांमुळे काहीच दिसत नाही. आणि खाडीच्या बाजूला तर फार घोळ होतो, ओहोटीचा फोटो असेल तर उघडा पडलेला चिखल आणि कचऱ्याची कड एकाच रंगाची दिसते, भरतीच्या फोटोत तीच हद्द आत सरकते, त्यामुळे डम्पिंग एका वर्षात आक्रसलं असं वाटतं जे शक्यच नाही.

तर एका जागेची एकच ओळ ठेवू की दर वर्षाची वेगळी? आणि "बंद" कधी धरायचं, शेवटचा डंपर आला तेव्हा की कागदोपत्री आदेश निघाला तेव्हा?

प्रतिसाद – खाडीकाठ

ताई, दोन टेबलं करा. पहिल्यात जागेला एक नंबर, तो कधीच बदलायचा नाही, नाव बदललं तरी. दुसऱ्यात प्रत्येक हद्द वेगळी, सोबत फोटोची तारीख, भरती की ओहोटी, आणि हद्द कोणी काढली ते. तारखेला एक कॉलम पुरणार नाही, "याच्या आधी नाही" आणि "याच्यानंतर नाही" असे दोन ठेवा, जुन्या जागांना तेच लागतं. "बंद" हा शब्दच काढून टाका, कचरा टाकणं थांबलं, झाकलं, उपसतायत, वर बांधकाम झालं अशा अवस्था तारखेसकट लिहा. आदेशाची तारीख वेगळी. कचरा टाकणं थांबलं तरी आतून मिथेन पुढे कित्येक वर्षं येत राहतो.

खाडीची बाजू जानेवारी ते मार्चमधले तीन-चार फोटो घेऊन काढा, सगळ्यांत कॉमन येईल तेवढीच कड धरा.

अजून एक, नुसत्या क्षेत्रफळावर जाऊ नका. देवनारला पसरायला जागा उरली नाही की ते वर चढतं. फेब्रुवारी २००० मधलं एसआरटीएमचं (अंतराळयानातून रडारने मोजलेलं) जमिनीच्या उंचीचं मॉडेल फुकट मिळतं, ते बेस धरा, चुकांचा अंदाज काही मीटरचा असतो पण कचऱ्याचा डोंगर त्यात दिसतोच. आगींसाठी नासाचा फर्म्सचा (उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या नोंदी) डेटा बघा, २०१६ च्या जानेवारीतल्या देवनारच्या आगीपासून सुरुवात करा.

धागाकर्ती

खूप आभार! अवस्थांचं एकदम पटलं, आज रात्रीच टेबलं बदलते. आता राहिलं १९८४ च्या आधीचं. कोणाकडे सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट (सरकारी भूनकाशे) स्कॅन असतील, किंवा कोपरखैरणे, उत्तन, गोखिवरे, आधारवाडी इकडे कचरा कुठल्या कोपऱ्यापासून पडायला लागला हे आईबाबांना, शेजाऱ्यांना आठवत असेल तर इथेच लिहा. ढोबळ साल आणि जवळची खूण, म्हणजे देऊळ, नाला, रेल्वेची भिंत असं काहीही, एवढं मिळालं तरी ओळ भरता येईल.