दुसऱ्यांसाठी प्रार्थना करताना मन लागत नाही, काय करू?

नगरी_पोरगा:
जय ख्रिस्त. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ढीगभर प्रेअर रिक्वेस्ट येतात, मी आमेन टाकतो नि पुढे जातो. आणि देवाला सगळं ठाऊकच आहे तर आपण सांगून काय फरक पडतो?

वसईची_काकू:
बाळा, सगळ्यांसाठी नको करूस, दोन-तीन नावं वहीत लिही. मिसामध्ये, म्हणजे आपल्या चर्चच्या उपासनेत, विनंत्या असतात ना, आधी ख्रिस्तसभा, मग राज्यकर्ते नि जग, मग दुःखी-पीडित, मग आपलं धर्मग्राम म्हणजे आपल्या चर्चची मंडळी, तोच क्रम मी घरी धरते, भाजी निवडताना पण.

केडगावकर:
देवाला माहिती द्यायला कोण करतंय प्रार्थना! बायबलात मार्क २ मधला पक्षाघाती बघ, चौघांनी छप्पर उसकून खाली सोडला आणि येशूने "त्यांचा" विश्वास बघितला. जुन्या करारातल्या ईयोबाला तर मित्रांनी नको नको ते ऐकवलं, त्यांच्यासाठीच प्रार्थना केली तेव्हा देवाने त्याचे दिवस पालटले (४२:१०). जो डोक्यात जातो त्याच्यासाठी करून बघ, खरी कसरत तिथे. आमच्याकडे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ ला संजीवन (विश्वासाला नवी जाग) आलं ना, त्याआधी बायका रोज जमून हेच करत होत्या.

साधा_विश्वासी:
फक्त एक, कुणाचं आजारपण, घरातली भांडणं त्याला न विचारता ग्रुपवर टाकू नका. प्रार्थनेच्या नावाने चहाड्या चालतात, स्पष्टच बोलतो.

नगरी_पोरगा:
काकू, वही घेतो. केडगावकर, डोक्यात जाणारा माझा बॉस आहे, त्याच्यासाठी नेमकं मागू काय? बदली चालेल का 😅