केंब्रिजशरची 'व्हिलेज कॉलेजं': गाव राखणारी शाळा की गाव रिकामं करणारी?

बांधावरचा (धागाकर्ता)
इंग्लंडातल्या खेड्यातली माध्यमिक शाळा हा विषय निघाला की केंब्रिजशर या पूर्व इंग्लंडातल्या काउंटीपासून (म्हणजे जिल्ह्यापासून) सुरुवात करावी लागते. 1922 ते 1954 तिथे शिक्षण सचिव असलेल्या हेन्री मॉरिसने 1924 साली एक टिपण काढलं. आसपासच्या गावांना मिळून एकच जागा बांधा, असं त्याचं म्हणणं. दिवसा 11 वर्षांवरच्या मुलांची शाळा, संध्याकाळी त्याच खोल्यांत मोठ्यांचे वर्ग, जोडीला वाचनालय, सभागृह, मैदान. हेच 'व्हिलेज कॉलेज'. प्रमुख 'हेडमास्तर' नव्हे, 'वॉर्डन', कारण सगळी वास्तू त्याच्या ताब्यात. सॉस्टन 1930 ला उघडलं, बॉटिशॅम आणि लिंटन 1937 ला, इम्पिंग्टन 1939 ला. त्याआधी 5 ते 14 वयाची पोरं एक-दोन खोल्यांत कोंबलेली, सुतारकामाला नि प्रयोगाला जागाच नाही. खेड्याला यापेक्षा चांगली शाळा त्या देशाने दिलेली नाही, हे माझं ठाम मत.

नकाशेवाला
एका गावाला मिळालं आणि बाकीच्यांचं गेलं, हे का नाही लिहिलंत? 11 वर्षांची मुलं उचलली की गावच्या शाळेत उरतात चिल्लीपिल्ली. पट घसरतो, एक शिक्षक कमी होतो, मग शाळा बंद करायचा प्रस्ताव येतो. आणि संध्याकाळचे वर्ग? पाच मैलांवरच्या शेतमजुराने रात्री नऊला घरी कसं जायचं? सायकल आणि समोरचा वारा.

बांधावरचा
अहो, 11 व्या वर्षी शाळा बदलायची हे मॉरिसच्या डोक्यातून आलेलं नाही. 1926 च्या हॅडो अहवालाने (सरकारी शिक्षण समितीच्या) ते सगळ्या देशाला सांगितलं. पोरं गावाबाहेर जाणारच होती, प्रश्न एवढाच की शहरात की शेजारच्या गावात.

खडूधूळ
दोघंही 1944 चा शिक्षण कायदा विसरलात. खरा घाव तिथे बसला. अकराव्या वर्षी परीक्षा. पास झालेलं पोर ग्रामर शाळेत (निवडक हुशार मुलांची शाळा), बाकीची गावच्या 'सेकंडरी मॉडर्न'मध्ये, म्हणजे उरलेल्यांच्या साध्या माध्यमिक शाळेत. म्हणजे मॉरिसने सगळ्यांसाठी बांधलेली वास्तू एका फटक्यात नापासांची ठरली. 1965 च्या परिपत्रकाने सरकारने ही विभागणी मोडायला सांगितलं, पण सक्ती नव्हती, त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यात वर्षं गेली. शाळा बिघडली ती इमारतीमुळे नाही, गाळणीमुळे.

गंजलेली चौकट
इमारतीला इतकं सहज सोडू नका. इम्पिंग्टन वॉल्टर ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय या वास्तुविशारदांचं. (हाच फ्राय पुढे चंडीगडला आला.) वर्गाची एक बाजू जमिनीपासून वरपर्यंत काचेची, घडी घालून हिरवळीकडे उघडणारी. दिसायला अप्रतिम! पण त्या काळातल्या एकेरी काचेच्या पोलादी चौकटी म्हणजे हिवाळ्यात आतून पाणी सुटतं, ते खालच्या पट्टीत साचतं, पट्टी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, मग काच कोपऱ्यातून तडकते. नुसती काच बदललीत तर दोन वर्षांत पुन्हा तेच. आधी गंज खरवडा, जस्ताचा थर द्या, मगच काच. आणि वास्तू पहिल्या श्रेणीच्या संरक्षित यादीत, म्हणजे दुहेरी काच बसवायची तरी आधी परवानगी काढा.

नकाशेवाला
खर्चावर आलातच तर बसचं बोला. कायदा 1944 पासून जवळपास तोच: 8 वर्षांवरच्या मुलाला घरापासून 3 मैलांपलीकडे फुकट प्रवास, त्याहून लहानाला 2 मैल. मोजतात ते चालत जाण्याच्या सर्वात जवळच्या वाटेने. घर 2.9 मैलांवर असेल तर पास नाही. पदपथ नसलेला, अंधारा रस्ता असेल तर 'ही वाट सुरक्षित नाही' म्हणून अपील करता येतं, पण मोठं माणूस सोबत असेल असं धरूनच वाट तपासतात. आणि 16 नंतर ही हमी संपते. 18 पर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण घेणं बंधनकारक, बसचं भाडं मात्र घरचं. खेड्यातल्या पोराला हा सरळ दंडच आहे.

बांधावरचा
हे मान्य. पण याचा दोष मॉरिसच्या माथी कसा?

किल्ल्यांचा जुडगा
कोणाच्या माथी ते सोडा, आज ही कल्पना कुठे अडते ते बघा: संध्याकाळच्या किल्लीवर. मोठ्यांच्या वर्गासाठी दोन खोल्या उघडायच्या तर बॉयलरचे विभाग वेगळे हवेत, नाहीतर आठ माणसांसाठी सगळी शाळा तापवावी लागते. रखवालदाराचा जादा पगार कोणत्या खात्यातून, हा पुढचा वाद. दिवसा वाचनालयात बाहेरची माणसं आली तर मुलांच्या वाटेपासून वेगळं दार हवं. मॉरिसच्या वेळी सगळं एकाच काउंटीच्या हातात होतं. 2010 नंतर बऱ्याच शाळा 'अकॅडमी' झाल्या (सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण काउंटीऐवजी ट्रस्टच्या हातातल्या), जागा सहसा 125 वर्षांच्या भाडेपट्ट्याने ट्रस्टकडे, प्रौढ शिक्षणाचा पैसा मात्र दुसरीकडून. त्या भाडेपट्ट्यात संध्याकाळच्या वापराचं कलम नीट घातलेलं नसेल, तर गाव सभागृहासाठी दर तासाचं भाडं मोजतं.